शेवटचं परिशिष्ट

बाबा,

आज रजा टाकून घरी बसले आहे. कारण तापाचं दिलं, पण ताप नाही, नुसती दमले आहे. नवरा टोकियोला ऑफिसात गेला, लेक शाळेत. सकाळी प्लास्टिकच्या कचऱ्याची पिशवी खाली ठेवून आले आणि तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी इथे पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्यानंतर मी काय काम करते, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. आमची कंपनी अमेरिकेतल्या तेलविहिरींमध्ये भागीदारी घेते. तिकडच्या एका उजाड पठारावर कुठे खोदकामाच्या किती रिग लागल्या, कोणती विहीर किती तेल देते आणि पुढे किती देईल, याचा अंदाज मी इथून, समुद्रापलीकडून बांधते. आणि हे सगळं तेल निघतं शेलमधून. होय, शेलमधून. तुम्ही हिरव्या पेन्सिलीने रंगवून पुढे जायचात, त्याच खडकातून.

अंकलेश्वरच्या कॉलनीतलं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तुम्ही चौदा दिवस रिगवर आणि चौदा दिवस घरी. घरी आलात की दुसऱ्याच दिवशी आईचं पोळपाट-लाटणं बाजूला सरकवून ओट्यावर ती लांब कागदाची पट्टी पसरायचात. विहीर खोदताना चिखलाबरोबर वर आलेले खडकाचे बारीक तुकडे धुऊन, भिंगाखाली बघून, खोलीप्रमाणे रंग भरायचा. वाळूचा खडक पिवळा, चुनखडी निळी, शेल हिरवा. आई म्हणायची, "अहो, कणीक कुठे मळू मी? तुमच्या विहिरीत?" मी सातवीत असेन. एकदा तुम्ही आंघोळीला गेलात आणि मी पट्टीवरचा मोकळा राहिलेला एक रकाना हिरवा रंगवून टाकला. तुम्ही टॉवेल खांद्यावर घेऊन आलात, बघितलंत आणि विचारलंत, "हा हिरवा कुठून आणलास?" मी म्हटलं, "वर हिरवा आहे, खाली हिरवा आहे, मधे दुसरं काय असणार?" तुम्ही खोडरबर घेऊन कागद झिजेपर्यंत तो रकाना खोडलात. "चिखल वर आणणारा पंप बंद पडला होता. इथला नमुना आपल्या हातात आलाच नाही. आला नाही तर मोकळं सोडायचं. तिथे काय आहे ते ठाऊक नाही म्हणून तर मला पगार देतात." आवाज चढवला नव्हतात, पण मी दिवसभर जेवले नाही.

तुमच्या काळात शेल म्हणजे घट्ट, कोरडा, तेल अडवून धरणारा. आता विहीर खाली नेतात आणि त्याच थरात आडवी वळवतात, मैल-दोन मैल. मग पाणी आणि वाळू प्रचंड दाबाने आत सोडून खडकाला भेगा पाडतात. पहिले काही महिने तेल भसाभसा येतं, नंतर झपाट्याने उतरतं. म्हणून वाढ दाखवायची तर नवीन विहिरी खोदतच राहावं लागतं, जुन्यांच्या अगदी कुशीत. आधीच्या विहिरीला तिकडे आई-बाप म्हणतात आणि शेजारी नंतर खोदलेलीला मूल. तुम्ही असतात तर हसला असतात.

तीन वर्षांपूर्वी कंपनीला त्या पठारावर आणखी जमीन घ्यायची होती. मला आणि आमच्या काचोंना, म्हणजे विभागप्रमुखांना, पाहणीला पाठवलं. काचो माझ्याहून चार वर्षांनी मोठे, मितभाषी, विमानातही टाय न सोडणारे. तिथे एका जुन्या, साध्या विहिरीची देखभाल करणारा सत्तरीचा माणूस भेटला. शेजारी नवीन विहिरीला भेगा पाडल्या आणि त्याच्या विहिरीतून तेलाऐवजी पाणी आणि वाळू यायला लागली. काचेच्या बरणीत भरून ठेवली होती त्याने ती वाळू. मला म्हणाला, "बाई, माझी गेली ती गेली. पण ही नवीनसुद्धा तुम्ही समजता तेवढं देणार नाही. खालचा दाब आधीच उपसलेला आहे. तुम्ही लिहिणाऱ्या आहात ना? मग लिहा." मी म्हटलं, "लिहिते." काचो गाडीपाशी उभे होते. त्यांनी दुरूनच त्याला वाकून नमस्कार केला.

परत येऊन मी खरंच लिहिलं. एकमेकींना चिकटून खोदलेल्या विहिरींचे आकडे पुरेसे आलेले नाहीत, जे आलेत ते कमी आहेत, म्हणून त्यांचा अंदाज आज देता येत नाही. तक्त्यात ते रकाने मी मोकळे सोडले. काचो बराच वेळ तक्त्याकडे बघत बसले. मग अगदी हळू म्हणाले, "संचालकांना मोकळी जागा बघवत नाही. इथे आसपासची सरासरी घालूया. आणि तुमचं हे पान परिशिष्टात टाकूया. चालेल?" इथे 'चालेल?' असं विचारलं की 'नाही' म्हणायला फार बळ लागतं. मी म्हटलं, "चालेल." आणि सरासरी भरली. माझ्या हाताने भरली, बाबा. तुमची आठवण झाली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

पुढचं मी बराच काळ कुणालाही सांगितलं नव्हतं. अहवाल छापायला जायच्या दिवशी छपाई बघणारी मुलगी विचारायला आली, पानं जास्त होतायत, कोणतं परिशिष्ट कमी करू? त्याच वेळी लेकीच्या शाळेतून फोन आला होता, तिला ओकाऱ्या होतायत, घ्यायला या. मी कोट चढवत होते. "शेवटचं काढ," म्हटलं. शेवटचं माझंच होतं, मला माहीत होतं. कुणी भाग पाडलं नाही. एदोगावा नदीच्या पुलावरून ट्रेन जाताना मला चक्क हलकं वाटलं, की आता यावर कुणी प्रश्न विचारणार नाही.

जमीन घेतली गेली. रिग लागल्या, नकाशावर ठिपके वाढत गेले, बैठकांमध्ये वाढीचा चढता आलेख माझ्याच नावाने फिरला आणि मला बढती मिळाली. मग दुसऱ्या वर्षी नवीन विहिरी एकेक करून आटायला लागल्या, त्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं तशाच. चौकशी झाली. काचोंनी सरळ सांगितलं, की इशारा आपल्याकडे आला होता, आपण तो परिशिष्टात ढकलला, चूक आपली. पान होतं का, हे कुणी उघडून बघितलंच नाही. माणसाने चूक कबूल केल्यावर कागद कोण तपासतो? त्यांची बदली उत्तरेकडच्या एका बंदरगावी झाली, तेलाच्या टाक्यांवर देखरेख करायला. बायको-मुलं इथेच राहणार, ते एकटे जाणार.

शेवटच्या दिवशी त्यांनी रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या टेबलावर मिठाईचं एकेक पाकीट ठेवलं. माझ्यापाशी आले तेव्हा म्हणाले, "तुमचं ऐकायला हवं होतं." मला ते पाकीट हातात धरवेना. दुपारी ते निघाले तशी मीही लिफ्टमध्ये शिरले आणि स्टेशनच्या गेटपर्यंत त्यांच्यामागे गेले. तिथे गर्दीत सांगून टाकलं. "ते पान अहवालात नव्हतंच. मी काढायला सांगितलं होतं. तुम्ही परिशिष्टात टाकलंत, मी परिशिष्टच काढून टाकलं."

ते थांबले. मला वाटलं, आता ओरडतील, निदान तोंड फिरवतील. पण त्यांचा चेहरा सैल पडला, खूप दिवस बांधलेलं काहीतरी सुटावं तसा. म्हणाले, "नव्हतं?" मी मान हलवली. "मग मी ते वाचणं शक्यच नव्हतं." मग म्हणाले, "त्या दिवशी मी नुसता तक्ता बघितला, तुमचं पान वाचलं नाही. छापून आल्यावरही परिशिष्ट कधी उघडलंच नाही. सही केली आणि पुढे पाठवलं. इतके महिने मला त्याची लाज वाटत होती. पान तिथे होतं आणि आपण उघडलं नाही, याची." मी म्हटलं, "मी वर कळवते. तुमची बदली..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "कळवा. पण माझ्यासाठी नको. मी न वाचता सही केली, ते आहेच." मग त्यांनी वाकून निरोप घेतला. मीही वाकले, आणि वर बघितलं तोवर ते गेटच्या आत गेले होते.

सोमवारी मी लेखी कळवलं. मोठ्या साहेबांनी बसवून चहा दिला, प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले आणि तो विषय आता बंद झाला आहे, असं सांगितलं. शिक्षाही नाही, ओरडाही नाही. काचो तिकडे थंडीत टाक्या मोजतायत. त्या विहिरीच्या म्हाताऱ्याला मी ईमेल लिहिली, उत्तर आलं नाही. पठारावर या आठवड्यातही नवीन रिग लागल्या. आता मी तक्ते जसेच्या तसे देते, मोकळे तर मोकळे. लोक वाचतात, मान डोलवतात आणि खोदतात.

तीन वाजत आले. लेक येईल, दार उघडताच जपानीत काहीतरी म्हणेल, मी मराठीत विचारेन, ती इंग्रजीत उत्तर देईल. त्याआधी हे कागद फाडून कागदाच्या कचऱ्यात टाकायला हवेत. तिला मराठी नीट वाचता येत नाही, तरीही.

एक मात्र सांगते, कारण ते आईलाही कधी सांगितलं नाही. मी भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा तुम्ही सगळ्या कॉलनीत पेढे वाटलेत, पोरीला दगडांचं वेड आहे म्हणालात. मला दगड कधीच आवडले नाहीत, बाबा. तुम्ही चौदा दिवसांनी घरी यायचात आणि दुसऱ्या कशाबद्दल माझ्याशी फारसं बोलायचा नाहीत, म्हणून घेतलं.