सासरी जायचा व्हिसा

१८ जानेवारी १९९१

ऑफिसात माझा निरोपसमारंभ. शाल, नारळ, साहेबांचं भाषण. "आमचा श्रीधर पनवेलच्या ड्रॉइंग बोर्डावरून थेट विलायतेत!" इतकी वर्षं ह्या माणसाने माझं आडनाव धड लिहिलं नाही, आज एकदम आमचा श्रीधर. माझ्या जाण्याचं दुःख किती, ते सामोसे कसे संपले त्यावरून कळलं. टायपिस्ट बाईंनी विचारलं, "म्हणजे घरजावईच की हो तुम्ही?" सगळे हसले. मीही. हसणाऱ्यांपैकी एकाचाही पासपोर्ट नाही.

व्हिसा अजून हातात नाही. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. राजीनामा सासरेबुवांच्या सल्ल्याने. "नोकरी सोडलीत की इरादा पक्का दिसतो. आमच्याकडे असंच बघतात." पंचवीस वर्षं लेस्टरला मोजे-बनियनच्या गिरणीत काढली, आता त्या देशाच्या वतीने बोलतात.

३ फेब्रुवारी

मीनलचा फोन. फोन आमच्या बिल्डिंगमध्ये एकच, सबनिसांकडे. आपण बोलायला लागलो की सबनीस पेपर उघडून बसतात आणि पान काही उलटत नाहीत. त्यामुळे बायकोशी मी हवामानावर बोलतो.

लग्न होऊन दोन महिने. त्यातले तीन आठवडे एकत्र. त्याआधी दोन भेटी, दोन्ही वेळा तिची मावशी मध्ये बसून चिवडा वाढत होती. ह्याला संसार म्हणतात.

ती म्हणाली, "मला तुझी आठवण लागते." भूक लागते तशी. चूक आहे. दुरुस्त केली नाही.

२१ फेब्रु.

वकिलातीत मुलाखत. साहेब माझ्याहून लहान, मान उन्हाने लाल झालेली. इंग्रजी येत असूनही मी दुभाषी मागितला (पुन्हा सा.बु.: "विचार करायला वेळ मिळतो."). दुभाषी बाईंचं मराठी ऐकून विचार करण्याची शक्तीच गेली. मी म्हटलं, मुलगी पसंत पडली. बाईंनी सांगितलं, ह्याला मुलगी चालली.

तिचा आवडता रंग कोणता? माहीत नाही. लग्नाच्या आधी काय बोललात? तिने विचारलं इथे डास फार आहेत का, मी म्हटलं हो. साहेबाने हे लिहून घेतलं. खरं बोलणाऱ्या माणसाकडे इतक्या संशयाने बघताना मी पहिल्यांदाच कोणाला बघितलं.

मग: "पत्नीने भारतात येऊन का राहू नये?"

"तिची तिथे नोकरी आहे."

"तुमची इथे नाही?"

"मी राजीनामा दिला."

पेन थांबलं. मग बराच वेळ चाललं.

१४ मार्च

नकार. लग्नाचा मुख्य हेतू त्यांच्या देशात शिरणे हा दिसतो. पुरावा: अर्जदाराने व्हिसा मिळण्यापूर्वीच नोकरी सोडली.

म्हणजे इरादा पक्का दिसला. सा.बु. बरोबरच म्हणत होते.

आई सकाळपासून विचारतेय, "पण त्यांना राग कशाचा आला?" तिला वाटतं मी तिथे तोंड वर करून बोललो असेन. तेवढं केलं असतं तर निदान काहीतरी पदरात पडलं असतं.

१८ मार्च

राजीनामा अजून वरच्या टेबलावर मंजूर व्हायचा होता, म्हणून वाचलो. साहेबांच्या केबिनबाहेर अर्धा दिवस उभा. आत घेतलं तेव्हा म्हणाले, "काय, राणी घेत नाही होय?" हा विनोद ते दिवसभर जपून ठेवून होते, स्पष्ट दिसत होतं.

माझ्या बोर्डावर नवा माणूस. मला पाण्याच्या पिंपाशेजारी जागा. येणारा-जाणारा प्रत्येक जण पाणी पितो आणि विचारतो, "अरे, तू इथेच?" मेले इतकं पाणी पितात हे आधी माहीत नव्हतं.

६ मे

अपील केलंय. तिकडच्या वकिलाला प्रेमाचे पुरावे हवेत. दर आठवड्याला पत्र, तारीख ठळक, मजकुरात ओढ दिसली पाहिजे. सा.बु. फोनवर: "थोडं मोकळेपणानं लिहा हो, जावईबापू. आमच्याकडे नवरा-बायको मोकळे असतात." हे बोलत होते तेव्हा मागून सासूबाई त्यांना ओरडत होत्या.

लिहिलं. "प्रिय मीनल, तुझ्याविना खांदा कॉलनी ओसाड वाटते." खांदा कॉलनी तशीही ओसाडच आहे. अर्ध्या बिल्डिंगांना खिडक्या बसायच्यात. स्टँडजवळ झेरॉक्स काढली. तो माणूस प्रत वाचत वाचत म्हणाला, "साहेब, शेवट जरा कोरडा वाटतो." आता हाही.

११ ऑगस्ट

मीनलच्या पत्रात वकिलासाठी लिहिलेलं कोणतं आणि माझ्यासाठी कोणतं हे आता मला ओळखता येतं. वकिलासाठी इंग्रजीत, हृदय वगैरे. खाली मराठीत चार ओळी, वेलांट्या सगळ्या चुकलेल्या. आज लिहिलं होतं: वाचनालयात माझ्या टेबलावर एक म्हातारा रोज झोपतो, त्याला उठवायची माझी ड्यूटी, आज नाही उठवला.

ह्या ओळी वकील काढून टाकतो म्हणे. संदर्भ नाही म्हणून.

२९ नोव्हें.

लग्नाचा वाढदिवस. सबनीस काकूंनी जिन्यात गाठलं. "काही गुड न्यूज?" मी म्हटलं, बायको सात समुद्रांपलीकडे आहे, काकू, गुड न्यूज पोस्टाने येत नाही. दुपारपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचलं की श्रीधरचा तोल सुटत चाललाय.

१५ डिसेंबर

मीनल येतेय. वकिलाला न विचारता तिकीट काढलं. सा.बु. संतापले आहेत. संतापले की इंग्रजीत बोलतात, तेही गिरणीतल्या मुकादमाच्या.

२२ डिसें.

आली. सुटकेसमध्ये अर्ध्याहून अधिक चॉकलेटं, बिल्डिंगसाठी. मी म्हटलं, ह्या लोकांना कशाला. ती म्हणाली, "मग कोणाला?"

आईने तिच्यासाठी वेगळं पाणी उकळून ठेवलंय. ती माठातलंच प्यायली. आई घाबरली. काही झालं नाही.

९ जानेवारी ९२

वकिलाचा निरोप सा.बु. मार्फत: मीनलने महिन्याच्या वर भारतात राहू नये. फार राहिली तर ते म्हणतील, बघा, राहू शकते की तिकडे. मग नवऱ्याला इकडे कशाला आणता? म्हणजे आम्हाला एकत्र राहायचंय हे सिद्ध करायला आम्ही एकत्र राहता कामा नये. हे ज्या डोक्यातून निघालं त्या डोक्यावर सरकारी छप्पर असतं. अख्खा देश असल्या डोक्यांनी चालवतात आणि मला तिथे जायचंय!

मीनलला सांगितलं. "मला रजा आहे मेपर्यंत. बिनपगारी," म्हणाली. आणि वहीत कोळंबीला मराठीत काय म्हणतात ते लिहीत बसली. (कोळंबीच म्हणतात.)

२ फेब्रुवारी

रविवार. मीनलचा हट्ट म्हणून मोऱ्याच्या बंदरावर. दारावर येणाऱ्या कोळणीने तिला सांगितलं होतं, "मोऱ्याला ये, बाय. ताजा काय असतं ते तवा कललं. हितं येतंय तवर त्याचा जीव गेलेला." धक्क्यावर वास, चिखल, मुंबईच्या लाँचसाठी रेटारेटी. मी नाकाला रुमाल. ही कोळणीच्या टोपलीपाशी उकिडवी बसली.

"ह्यो नवरा तुजा?" कोळीण.

"हो."

"वास येतंय त्याला? आमाला नाय येत."

मीनल हसली. कोणाला, विचारलं नाही.

२ मार्च

कॉलनीतल्या इंग्रजी शाळेत मीनल शिकवायला जायला लागली. शाळा म्हणजे पत्र्याची शेड, बाहेर इंग्रजीत बोर्ड, त्यातही स्पेलिंग चूक. मुख्याध्यापिका बाई 'माय सेल्फ इज' म्हणतात. मी जेवताना नक्कल केली, आई हसली. मीनल म्हणाली, "माझ्या डॅडींना तिकडे असंच हसायचे."

"ते हसण्यासारखंच बोलतात."



४ एप्रिल

शाळेत पालकांसाठी कार्यक्रम. मीनलने वीटभट्टीवरच्या दोन पोरी शाळेत भरती करायला लावल्या, त्या स्टेजवर उभ्या राहून इंग्रजी गाणं म्हणत होत्या. शब्द निम्मे. एकीची चड्डी घसरत होती, ती धरून गात होती. टाळ्या पडल्या. मी शेजारच्या माणसाला म्हटलं, आता भट्टीवर इंग्रजीतून विटा पाडतील. तो हसला नाही. त्या मुलींचा बाप होता तो.

मीनल मागेच उभी होती.

२१ एप्रिल

अपील मंजूर!

सा.बु.चा फोन सबनिसांनी घेतला, म्हणून मी घरी पोचायच्या आत बिल्डिंगला कळलेलं. आईने पेढे वाटले. सबनीस मिठी मारून म्हणाले, "तिकडून पत्र टाका बरं का." तुम्ही फोडून वाचलंत तर पोचेल, म्हणणार होतो. आज नाही म्हटलं.

मीनल उशिरा आली. सगळ्यांनी तिला घेरलं. ती सगळ्यांना थँक्यू म्हणाली. मला काही म्हणाली नाही. घरात आल्यावर: "मुख्याध्यापिका विचारतात, जूनपासून पक्की येशील का."

"काय सांगितलंस?"

"विचार करते म्हटलं."

काय विचार? कशाचा विचार? वर्षभर माझी जी शोभा झाली…

२४ एप्रिल

वकील म्हणतो, ती तिथे राहणार असेल तरच ह्या व्हिसाला अर्थ. तिने जायला हवं, मग मी. ती मुलांच्या वह्या तपासते. मी दोनदा आवाज चढवला. आईने दोन्ही वेळा कुकर लावला.

२६ एप्रिल, रविवार

सकाळी गॅलरीत. ती कोळंबी सोलत होती. मी सरळ विचारलं: यायचंय की नाही?

म्हणाली, "श्री, तुझा साहेब मूर्ख. सबनीस चोंबडे. माझे डॅडी जोकर. टीचरना इंग्लिश येत नाही. त्या मुलींनी विटा पाडायच्या. व्हिसाचे लोक गाढव."

"आहेतच."

"असतील. पण तिकडे गेल्यावर ही माणसं नसणार. माझी माणसं असणार. त्यांना काय म्हणशील? मला काय म्हणशील?"

"तुला मी कधी काही म्हटलंय?"

"अजून वेळ कुठे मिळाला तुला." मराठी एकदम शुद्ध. कुठे शिकली कोण जाणे.

उत्तर सुचत होतं. चांगलं तिखट होतं. गिळलं. पहिल्यांदाच असेल, आणि त्याची चव काही चांगली नव्हती, हे इथे लिहून ठेवतो.

अकराला सबनिसांची हाक. सा.बु. लाइनवर. "मग जावईबापू, मीनलचं परतीचं पक्कं करतो. आठ तारीख. तुमचं पंधरा दिवसांनी. करू ना?"

मीनल सबनिसांच्या दारात, हाताला कोळंबीचा वास, काकूंना विचारत होती वाटणात खोबरं ओलं घ्यायचं की सुकं. काकू सांगत होत्या. मी तिच्याकडे बघत होतो. तिने बघितलं नाही. सुकं, काकू म्हणाल्या, पण आधी भाजून.

"हॅलो? जावईबापू? लाइन तुटली का?"

नाही, म्हटलं. ऐकतोय.