पाचव्या अध्यायातली शेळी, नवव्या अध्यायातला वाघ

तीर्थस्वरूप कानिफनाथमामांच्या चरणी कोल्हारहून भाचा वाल्मिक याचा दंडवत. मामींचा गुडघा आता कसा आहे? तुमचा घसा बसल्याचं कळलं. (मिरजगावच्या कीर्तन ऐकणाऱ्यांनी त्याबद्दल तक्रार केल्याचं मात्र कळलं नाही.) इकडे सगळे खुशाल आहोत, निदान हे पत्र लिहीपर्यंत तरी. फोनच केला असता, पण मी फोन कानाला लावला की आई शेजारी येऊन बसते, आणि विषय तिचाच आहे.

आईने माहेराहून आणलेली तुमच्या घरची पोथी श्रावण लागल्यापासून आम्ही रोज दिवेलागणीला लावतो. मी वाचतो, आणि एकाने वाचायचं, दुसऱ्याने अर्थ सांगायचा या आपल्या रिवाजाप्रमाणे अर्थ आई सांगते. इथवर ठीक. पण पोथी वाचायची ती बांधावरच्या लिंबाखालच्या देवापुढेच, असा तिचा हट्ट. लिंबाला लागून आमचा ऊस. आणि उसात, मामा, बिबट्या आहे. ऐकीव नाही, शेजाऱ्यांचं कुत्रं त्याने नेलं. पिंजरा लावला, आत शेळी बांधली. शेळी फुकटचा चारा खाऊन जाडजूड झाली, बिबट्या काही फिरकला नाही.

आईला काही म्हणावं तर ती पाचवा अध्याय काढते. पोथी ऐकणाऱ्यापुढे वाघाची शेळी होते, असं तिथे स्पष्ट दिलंय. पण मी पुढचं चाळून ठेवलं होतं. नवव्या अध्यायात देवाचा सगळ्यात लाडका भक्त ध्यानाला बसतो आणि त्याला वाघ खातो! तुम्ही जाणते आहात मामा, यातलं धरायचं काय? की चार अध्यायांत देवाचं मन फिरलं? असो. नववा ऐकला की आई आपसूक घरात येईल, म्हणून मी तो खड्या आवाजात, वाघाच्या जागी गुरगुरून वाचला. आईने अर्थ सांगितला, "वाघ कसला, भक्ताला वैकुंठाला न्यायला इमान आलं. बिचाऱ्याला चालावं लागलं न्हाई." आणि तिचा चेहरा असा खुलला की मला घाम फुटला.

मग दहाव्या अध्यायात मी पदरची एक ओवी घातली. (रागावू नका, चालीत बसवली होती.) 'सांज होतां भक्तजनीं । घरीं बैसावें येउनी । आंतून कडी लावोनी । नाम घ्यावें ॥' आई म्हणाली, "घर म्हंजी आपला देह, आन कडी म्हंजी मनाची." आणि बसली तिथेच.

गेल्या सोमवारी उसात सळसळलं आणि बिबट्या बांधावर येऊन उभाच राहिला. मी आईच्या पुढे उडी घेतली, आरतीचं ताट बडवलं आणि ओरडलो. (काय ओरडलो ते देवापुढे ओरडण्याजोगं नव्हतं.) तो आल्या वाटेने निघून गेला. मामा, तेव्हा मला आईशिवाय काही दिसत नव्हतं. आई शांतपणे म्हणाली, "राखलं देवानं."

"अगं, ताट मी वाजवलं!"

"व्हय. मग तुला हितं आनून बसवलं कुनी?"

यावर उत्तर सुचलं तर कळवा.

तुमचा भाचा,
वाल्मिक

ता. क. : खरं काम असं. पोथी घरातच, दार लावून वाचायची असा आपल्या घराण्याचा रिवाज आहे, एवढं आईला लिहून पाठवा. तसा रिवाज नसेल तर आजपासून सुरू करा. माझं नाव घेऊ नका.

आणखी ता. क. : आईने पत्र वाचून दाखवायला लावलं. मी बिबट्या, ओवी आणि वरचा ताजा कलम गाळून मामींच्या गुडघ्याचंच फिरवून फिरवून वाचलं. ती म्हणाली, "झालं वाचून? आता अर्थ मी सांगते, तो लिही. कानिफा, पोरगं भेलंय. त्याची ती पदरची ओवी मला तवाच कळली हुती, पन ब्येस हुती. बांधावर मोबाईलला रेंज न्हाई, म्हनून तितं बसत हुते. तेवडंच लेकरू माझ्याजवळ बसतं. मोबाईल भाईर ठिवून येनार आसंल, तर उद्यापास्नं पोथी घरात."

तेव्हा मामा, रिवाजाची घाई नाही. मोबाईल लिंबाखाली देवाच्या हवाली केला आहे. तो पाचव्या अध्यायात निघतो की नवव्या, ते सकाळी कळेल.