बुटांना ऊन दाखवलं

२ ऑगस्ट, अजमान
सकाळची विचारपूस, नेहमीसारखी. अनिता, सर्दी उतरली का गं? उतरली म्हणते लेक, नाक मात्र वाहतंय. झोईबाय, खोकला कसा आहे? नात म्हणते, "बेटर, ग्रँपा." माझ्या गुडघ्याला मीच विचारतो, तो रोज एकच उत्तर देतो. शेवटी नेल्सनच्या दाराशी. "बाळा, डोकं कसं आहे?" आतून पडदा ओढल्याचा आवाज.
पोरगा घरी आल्यापासून असंच. उजेड सोसत नाही. कुकरची शिट्टी सोसत नाही. आता वरण पातेल्यात शिजवतो.

४ ऑगस्ट
अनिता अल क्वोजहून ऑफिस सुटल्यावर आली, चपलाही काढल्या नाहीत. "पप्पा, त्याच्या टीममधल्या दोस्ताचा फोन होता. कझाकस्तानच्या डॉक्टरने याला स्पष्ट सांगितलंय. डोक्याला आणखी एक मार, की खलास. आणि हा गधडा चौदाला हंगेरीला ट्रायलला निघालाय."
तेहतीस वय. आइस हॉकीची लहानशी लीग. म्हणतो, शेवटचा एक सीझन, पप्पा, इन्शाल्ला.
कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये पुढचे दात गेले. अमेरिकेत खांदा. स्वीडनला घोटा. कझाकस्तानात डोकं, तेही दोनदा. एकेका लीगने पोराचा एकेक तुकडा ठेवून घेतला. बोलावं तर आपलेच दात नि आपलेच ओठ. त्याचे तर दातही बनवलेले.
दोष कुणाला देऊ? तो लहान असताना मी मुसफ्फात कंपनीची बस चालवायचो, ड्यूटीआधी मीच त्याला रिंकवर सोडायचो. बाहेर भट्टी, आत बर्फ. त्याची आई फिलोमिना त्याला जर्सीच्या आत दोन स्वेटर घालायची. पोरगा भोपळ्यासारखा घरंगळायचा, आणि आम्ही काचेमागे टाळ्या

६ ऑगस्ट
आज मोठी चूक झाली. तरी लिहितो.
त्याची किटबॅग उघडली. वास असा की वसईच्या सुक्या बोंबलांनीही नाक धरावं. तो झोपलेला. म्हटलं, जायचंच म्हणतोय तर निदान स्वच्छ जाऊ दे. पॅड, ग्लोव्हज सगळं डेटॉलच्या पाण्यातून काढलं. आमच्या आईचा शिरस्ता, वर्षातून एकदा गाद्या, गोधड्या, लोणच्याच्या बरण्या, सगळ्यांना ऊन दाखवायचं. मीही दाखवलं. काचेच्या बाल्कनीत त्याचे स्केटिंगचे बूट आडवे ठेवले, वर ओल्या पॅडांचा ढीग. जेवलो. डोळा लागला.
उठून बघतो तर बूट चपटे. पुढून तळ सुटलेला, मासा तोंड उघडतो तसा.
नेल्सन मागे कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.
"पप्पा, व्हॉट डिड यू डू?"
"ऊन दाखवलं रे."
"हे बूट ओव्हनमध्ये मऊ करून पायावर बसवतात! माझ्या मोडक्या घोट्यावर बसवलेले होते हे. आणि तुम्ही ऑगस्टच्या उन्हात..." मग एकदम हळू, "यू डिड इट ऑन पर्पज."
नाही रे बाबा. फिलोमिनाची शपथ, नाही.

७ ऑगस्ट
मुद्दाम केलं नाही. पण ते चपटे बूट बघून छातीवरचा दगड क्षणभर हलला होता. झालं, आता कसा जातो, असं मनात आलं. त्याने ते माझ्या तोंडावर वाचलं असेल.
आज जेवायला बाहेर आला नाही. मोरी माशाचं कालवण केलं होतं, त्याचं आवडतं. अनिता म्हणाली, "राहू दे पप्पा, फ्रिजमध्ये ठेवते."

१० ऑगस्ट
आपणहून म्हणाला, "यल्ला पप्पा, रिंकवर चला." मला वाटलं, राग गेला.
दुबईच्या मॉलमधला रिंक. भाड्याचे निळे प्लास्टिकचे बूट. खाली वाकून लेस मी बांधली, पूर्वीसारखी. गुडघा कुरकुरला, त्याला म्हटलं गप.
काय फिरला पोरगा! त्या डबड्यासारख्या बुटांवर. पोळीवर तूप फिरावं तसा. लोक थांबून बघत होते. मी काचेमागे, आणि मला पहिल्यांदा समजलं की मी त्याच्याकडे काय मागतोय. श्वास थांबव म्हणतोय.
बाहेर येऊन बाकावर बसला. डोकं दोन्ही हातांत. घाम पुसला त्याचा. वर बघून म्हणाला, "मम्मा गाडीत आहे का? तिला थंडी वाजेल."
फिलोमिनाला मातीत ठेवून तीन वर्षं झाली. तेव्हा त्याच्या प्लेऑफच्या मॅचेस चालू होत्या, येता आलं नाही.
मी म्हटलं, "हो बाबा, गाडीत आहे."
थोड्या वेळाने त्याच्या डोळ्यांत ओळख परतली. आपण काय बोललो ते त्यालाही कळलं. टॅक्सीत तो खिडकीला डोकं टेकून बसला. उतरताना एवढंच म्हणाला, "अनिताला सांगू नका."

१३ ऑगस्ट
अनिताला सांगितलं. ती रडली, मग भांडली, मग पासपोर्ट लपवते म्हणाली. मी म्हटलं, नको. तो काय लहान आहे? रात्रभर त्यावरून स्वतःलाच शिव्या घालत

१४ ऑगस्ट
गेला. नवे बूट घेतलेत, कडक, घोट्याला लागतात. मी म्हटलं, "फोड येतील रे." "येऊ देत. थँक्स, पप्पा." कशाबद्दल थँक्स, विचारायचं राहिलं. एअरपोर्टवर त्याच्या कपाळावर क्रूस काढला. तिथेच, जिथे टाके आहेत. त्याने डोकं खाली वाकवून दिलं, लहानपणी द्यायचा तसं.

१९ ऑगस्ट
फोन बंद. काल त्याची पहिली प्रॅक्टिस मॅच होती. अनिता म्हणते, "कुठे असेल रे देवा?" आणि मलाच म्हणते, "काळजी नका करू."
जुने बूट माझ्या पलंगाखाली आहेत. सावलीत. तळ परत चिकटतो का बघायला मोच्याकडे न्यावेत, की

आत्ता त्याला मेसेज पाठवला. पोचल्याची खूण नाही अजून. इथेही उतरवून ठेवतो:
नेल्सन बाळा, इथे सगळे बरे. अनिताची सर्दी गेली. झोईचा खोकला गेला. गुडघा आहे तसाच. मोरीचं कालवण केलंय, तुझा वाटा काढून ठेवलाय. मी रागावलेलो नाही, तूही रागावू नकोस. खेळलास की नाही ते सांगू नकोस हवं तर. डोकं कसं आहे, तेवढं लिही. एक शब्द चालेल. पण लवकर लिही बाबा.