डाव्या हाताची रेघ

घर, ता. ९ जानेवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

लहानपणी तू शाळेत डबा विसरायचीस, छत्री विसरायचीस, एकदा तर दप्तर घरी ठेवून नुसत्या दोन वेण्या घेऊन गेलीस. आता समुद्रापलीकडे जाऊन सगळी आजीच विसरलीस. प्रगती आहे म्हणायची. सहा रविवार झाले, पत्र नाही.

हे पत्र आपल्या खालच्या मजल्यावरचे घड्याळजी लिहिताहेत. तुझ्या आईला बसवलं तर ती दोन ओळींत रडते आणि शाई पसरते. घड्याळजी रडत नाहीत, पण माझी भाषा सुधारायला जातात. मी सांगते तसंच लिहा, अशी त्यांना तंबी दिली आहे. ही तंबीसुद्धा त्यांनी लिहिली असेल तर माणूस खरा.

आपल्या चर्चच्या मंडळीतून तुम्ही चौघं त्या वस्तीत सेवेला गेलात, सकाळी दवाखाना आणि दुपारी बायकांना बायबल शिकवायचं, इथवर मला ठाऊक आहे. पण गेल्या रविवारी पाळकांनी प्रार्थनेत सांगितलं, की तुमच्याकडे कसलासा ताप पसरलाय. त्यांनी 'आमेन' म्हणून डोळे उघडले, माझे काही त्यानंतर मिटले नाहीत.

तुझ्या वर्गातल्या बायकांना वाचता येत नाही म्हणून कुरकुरली होतीस. अगं, मला तरी कुठे येतं? मी सगळं बायबल कानाने शिकले, कणीक मळता मळता. पुस्तक तोंडासमोर धरून बसू नकोस. त्यांच्या हाताला काम दे आणि गोष्ट सांग.

आणि पत्राच्या शेवटी हात काढायला विसरू नकोस. तुझी अक्षरं म्हणजे मला मुंग्यांची रांग. पण डावा हात कागदावर ठेवून तू पेन्सिलीने जी रेघ फिरवतेस, ती मला वाचता येते. त्यावर माझा हात ठेवला, की पत्र पोचलं.

आहे ती माया तशीच ठेव, वाढवलीस तरी आमची हरकत नाही.

तुझी आजी


वस्ती, ता. ३ फेब्रुवारी

ती. आजीस सा. सलाम वि. वि.

उशीर झाला, कान धरते. दवाखान्यात गर्दी फार. आमच्या दोन खोल्यांपैकी एकीत नर्सताई रुग्ण तपासतात, दुसरीत मी पट्ट्या गुंडाळते, सुया उकळते आणि कोणाचा नंबर आधी यावरून भांडणं सोडवते. वस्तीत ताप आहे, पण काळजीचं कारण नाही. मी ठणठणीत आहे.

तुझी युक्ती चालली. आता बायका शेंगा सोलत बसतात आणि मी गोष्ट सांगते. अकरा जणी आहेत. सगळ्यांत म्हातारी जी आहे तिला आम्ही न्यायाधीशबाई म्हणतो, कारण प्रत्येक गोष्टीची ती उलटतपासणी घेते. परवा उधळ्या पुत्राची गोष्ट झाली, घर सोडून गेलेला पोरगा परत येतो आणि बाप पळत जाऊन त्याला मिठी मारतो ती. तिने मला अडवलंच. म्हणाली, मागच्या गोष्टीत हरवलेलं मेंढरू शोधायला मेंढपाळ डोंगरदऱ्या हिंडला, मग हा बाप पोटचा पोरगा गेला तरी घरी का बसून राहिला? त्याला पोरापेक्षा मेंढरू बरं वाटलं असतं का? आजी, ह्याचं उत्तर मी तुझ्यावर सोपवते. तुला येतं का बघ.

आईला सांग, मी वेळेवर जेवते. खाली हात काढला आहे.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भिंगरी


वस्ती, ता. ३ फेब्रुवारी

ती. घड्याळजीकाकांस सा. न. वि. वि.

ही चिठ्ठी फक्त तुमच्यासाठी. आजीला वाचून दाखवू नका, आईलाही नको. आजीचा रक्तदाब तुम्ही जाणता.

मला अठरा दिवस ताप आहे. सोबतचं पत्र मी चार दिवसांत, पडल्या पडल्या लिहिलं. डाव्या हाताला सलाईन आहे, तो इतका सुजलाय की कागदावर सपाट टेकत नाही. म्हणून शेजारी बसलेल्या न्यायाधीशबाईंचा हात ठेवून रेघ काढली. आजीला काय कळणार आहे? पथकप्रमुख म्हणतात, पहिल्या बोटीने परत जा. मला जायचं नाही. आजीने एकदा 'ये' म्हटलं तर मला थांबता येणार नाही, म्हणून तिला कळू नये इतकंच बघा.

आपली नम्र,
भिंगरी


घर, ता. २० फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

हा हात कोणाचा?

तुझी करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी आहे. चार वर्षांची असताना कपाटाच्या दारात सापडली होती, मीच दार लावलं होतं. ती वाकडी करंगळी मी झोपेतही ओळखीन. ह्या कागदावरची करंगळी सरळ आहे, पेरं जाड आहेत आणि अंगठा कामाने चपटा झालाय. तू तिकडे जाऊन अकरा महिन्यांत इतकं काम केलंस असं मला कोणी सांगू नये.

घड्याळजींना म्हटलं, डोळ्याला भिंग लावा आणि नीट बघा. केसाएवढी स्प्रिंग बसवताना ज्यांची चूक होत नाही, त्या माणसाने कागदच उलटा धरला. वाचतानाही 'मी ठणठणीत आहे' ह्या ओळीला त्यांचा आवाज स्मशानात बोलावं तसा झाला. पाकिटातून दुसरी चिठ्ठी पडलेली मी पाहिली. ती मी मागितली नाही. त्यांनी तुला शब्द दिला असेल तर पाळू देत. मी मात्र कोणालाच शब्द दिलेला नाही.

दहा दिवस झाले, मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसते. तिथून पोस्टमन वळणावरच दिसतो. तुझी आई विचारते, इथे का बसता? मी सांगते, उन्हाला बसले. जिन्यात ऊन येत नाही, हे तिलाही माहीत आहे.

हाताला काय झालं? मोडला? का रेघ काढायला तूच... पुढचं मी घड्याळजींना लिहू देत नाही.

तुझा खरा हात पाठव. सुजलेला असो, वाळलेला असो, जो असेल तो. आणि तू कशाला भितेस ते मला कळतं. मी 'परत ये' म्हणणार नाही. दोनदा पिशवी भरली, तिकडे यायला निघाल्यासारखी, आणि दोनदा रिकामी केली. तुझ्या न्यायाधीशबाईला माझं उत्तर सांग. मेंढराला घराची वाट माहीत नसते, पोराला माहीत असते. बाप शोधायला गेला असता आणि पोरगा दुसऱ्या रस्त्याने आला असता, तर दार कोणी उघडलं असतं? घरी बसणं सोपं होतं, असं तिने समजू नये.

तो हात तिचाच असणार. मी त्यावर माझा ठेवून पाहिला. बरोबर बसला.

रागावले आहे, तरी माया कमी नाही.

आजी


वस्ती, ता. ११ मार्च

ती. आजीस सा. सलाम वि. वि.

चुकले. आता सगळं सांगते, काकांना म्हणावं काही गाळू नका.

मला दीड महिना ताप होता. सात दिवस मी काय बोलत होते ते मला आठवत नाही. नर्सताई म्हणतात, तुझ्याशी भांडत होते. वस्तीतली दोन माणसं गेली. एक माझ्या वर्गातली होती, शेंगा सगळ्यांत भरभर सोलणारी. आता नऊ दिवस ताप नाही. भिंतीला धरून दारापर्यंत जाते.

वर्ग थांबला नाही. बायका माझ्या खाटेभोवती बसायच्या आणि मला गोष्टी सांगायच्या, मीच शिकवलेल्या. न्यायाधीशबाई रोज त्यांच्या धान्याची पेज आणायच्या, घोटाघोटाने पाजायच्या. बायबलातल्या त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाटेसकट खाली सोडलं, ती गोष्ट सांगताना मध्येच थांबून म्हणाल्या, छप्पर मागाहून कोणी दुरुस्त केलं ते तुमच्या पुस्तकात नाही. मला हसू आलं, आणि नर्सताई म्हणाल्या, आता ही जगते.

तुझं उत्तर मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, तिला विचार, वाट बघत होता तेवढे दिवस तो बाप जेवत होता का?

डॉक्टर म्हणतात, महिनाभर विश्रांती घेऊन इथेच राहिले तरी चालेल. प्रमुखांनी निर्णय माझ्यावर सोडला आहे. मी तो तुझ्यावर सोडते. आजी, मी राहू का?

खाली माझाच हात आहे. घाबरू नकोस, पेन्सिल फार आतून गेली आहे इतकंच.

भिंगरी


घर, ता. २९ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

हात मिळाला. पेन्सिल आतून गेलेली नाही, तू आतून गेलीस. माझ्या हाताखाली तो पुरता झाकला जातो, पूर्वी तुझी बोटं बाहेर यायची. पण करंगळी वाकडी आहे. मी ती घड्याळजींना दाखवली, पोस्टमनला दाखवली, पाळकांनाही दाखवली. तुझ्या आईने मला तिसऱ्या पायरीवरून हाताला धरून उठवलं. ह्या वेळी ती रडली नाही. घड्याळजी मात्र भिंग पुसायच्या निमित्ताने बराच वेळ खाली बघत होते, आणि हे वाक्य ते लिहितील की नाही याची मला शंका आहे.

राहा. हे सांगायला मला दोन दिवस लागले. काल घड्याळजी लिहायला बसले होते, मी त्यांना चहा देऊन परत पाठवलं.

न्यायाधीशबाईला सांग, जेवला. चव लागत नव्हती, पण जेवला. नाहीतर पोरगा दिसल्यावर पळत जायला त्याच्या पायांत जोर कुठून आला असता? आणि छप्पर दुरुस्त केलं त्या चौघांच्या आयांनी. पुस्तकात नसलं तरी मला माहीत आहे.

शेवटच्या पानावर माझा हात काढून घेतला आहे, तो तिच्यासाठी. तिने आपला त्यावर ठेवून बघावा.

वस्तीतल्या त्या गेलेल्या दोघांसाठी इथे दर रविवारी प्रार्थना होते. माझ्यावरची माया उतू जाऊ दे, मी भांडं धरून आहे.

तिकडून कोणी येणार असेल त्याच्याबरोबर त्या पेजेचं धान्य मूठभर पाठव. कच्चंच, फडक्यात बांधून. ते तुझ्या डाव्या मुठीनेच भर, न्यायाधीशबाईला भरू देऊ नकोस. तिची मूठ केवढी ते मला माहीत आहे. आणि मग दर महिन्याला एक मूठ पाठवत जा. दाणे वाढत गेले, की मी समजेन.

तुझी आजी