खोटारडा म्हटल्याची शिक्षा

गडचिरोली, रविवार, डिसेंबर १९८६

किळस येते. मारोती वाघाच्या तोंडी गेला तो बांबू तोडताना, आणि तेही त्या आमदाराच्या मेहुण्याच्या ठेक्यावर. तरी नागपूरला विधानसभेत त्या आमदाराने मारोतीला सागचोर म्हटले. तिथल्या बोलण्यावर खटला होत नाही. मी विरोधी बाकावरून उठून त्याला खोटारडा म्हणालो. माझा शब्द असंसदीय म्हणून कामकाजातून काढला, त्याचा राहिला. निलंबन माझे!

आज मारोतीची बायको भिवराबाई आली.

"भाऊ, खोटं तो बोलला, अन् हाकललं तुमाले?"

"माफी मागितली तर परत घेतील, बाई."

"मंग मागा ना! इथी बसून माह्या नवऱ्याले चोरच ठेवता का?"

एवढी भाषणे ठोकणारा मी, माफीच्या दोन ओळी लिहायला बसलो.

खोटारडा. शब्द अजूनही बरोबरच वाटतो. उद्या तो मागे घ्यायला पहिल्या एसटीने नागपूर.