पत्रिकेतलं पहिलं नाव

मनिला, ३ डिसेंबर

ती. नानाय,

तुझा हात कपाळी लावते. फोनवर आपल्यापैकी एकजण रडते आणि दुसरी फोन ठेवते, म्हणून लिहिते आहे. आधी घडलं ते क्रमाने, माझं मत न मिसळता.

१. ऑक्टोबरच्या वादळात आपल्या सांता मार्ताचा नवा नदीबांध फुटला.
२. चार माणसं गेली. त्यांत चर्चच्या दारात बिबिंका हे तांदळाचे केक भाजणाऱ्या पासिंग काकू आणि त्यांची नात.
३. बांध गोरियो कालिम्बास या कंत्राटदाराने बांधला होता.
४. बांधातून कापून काढलेले काँक्रीटचे नमुने आमच्या प्रयोगशाळेत आले. तपासणी माझ्याकडे आहे. अहवालावर सही माझी असणार.
५. काल माझ्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. वेदीपाशी साक्षीला उभ्या राहणाऱ्या निनोंगांत पहिलं नाव गोरियो कालिम्बास.
६. ते नाव मी दिलेलं नाही. नवरामुलगा म्हणून एफ्रेननेही दिलेलं नाही.

आता मत. नमुना म्हणजे काँक्रीटचा मनगटाहून जाड दंडगोल. चांगला असेल तर टेबलावर ठेवताना ठणकन आवाज येतो. हा ठेवला तर टेबलावर वाळू सांडली. एकात शिंपले आहेत, एकात चॉकलेटचा कागद. सळी जिथे असायला हवी तिथे नाही. मी हातमोजे घालून काम करते, तरी घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुते. निनोंग म्हणजे धर्माचा बाप. लग्न लागलं की मी वाकून त्याचा हात कपाळी लावायचा, आणि पुढे दर नाताळला, जन्मभर. मला त्या हाताची शिसारी येते.

नाव काढून टाक. पत्रिका मी पुन्हा छापून घेईन. बाकी सर्व ठीक. तुझ्या गुडघ्याचं लिही.

तुझी,
नेरिसा


सांता मार्ता, ६ डिसेंबर

चि. नेरिसास,

अनेक आशीर्वाद आणि एक चिमटा. तुझं पत्र वाचून मला वाटलं, सरकारकडून नोटीसच आली. शेजारच्या मिलाग्रोसला दाखवलं, तर ती म्हणाली, बाई, तीस वर्षं शाळेत तुम्ही मुलांना मुद्दे काढायला शिकवलंत, भोगा आता.

गुडघा बरा आहे. चर्चवर मोठा कंदील चढला, यंदा हिरवा-जांभळा. एफ्रेन लग्नाच्या सदऱ्याचं, बारोंगचं, माप द्यायला आला होता. शिंपी म्हणाला, कापड जास्त आणि नवरामुलगा कमी. मी म्हटलं, नेरिसाच्या हातचं खाऊन अजून कमी होईल. बिचारा हसला. फार गुणी मुलगा आहे, जप त्याला.

आता तुझ्या पाचव्या आणि सहाव्या मुद्द्याचं. मी कुणाच्या दारात गेले नव्हते. तो स्वतः आला, बायकोला घेऊन, नाताळचं अख्खं हॅम घेऊन. म्हणाला, मास्तरीणबाईंच्या मुलीला बाप नाही, निनोंग म्हणून मी उभा राहतो. मांडव त्याचा, भाजलेली डुकरं त्याची, बँड त्याचा. किती अगत्याने तुझी चौकशी केली! कुठल्या विभागात आहे, साहेब कोण, कागदांवर सही तिचीच असते का. मी अभिमानाने सगळं सांगितलं. जाताना पत्रिका कशी छापणार तेही विचारलं, आणि पहिली पत्रिका मलाच द्या म्हणाला. दिली. एवढ्या मोठ्या माणसाने मागितली तर नको म्हणू?

दारात आलेला निनोंग परत पाठवला तर लग्नाला दृष्ट लागते, हे तुलाही ठाऊक आहे. तुझे ताताय गेले तेव्हा त्यांना खांदा द्यायला या गावातला एकही मोठा माणूस आला नव्हता. माझ्या मुलीच्या लग्नाला तरी येऊ दे की. आणि बांध वादळाने फुटला म्हणतात. वादळ काय कालिम्बासने बांधलं होतं?

रागावू नकोस. पत्राचं उत्तर मायेने दे, मुद्द्यांनी नको.

तुझी,
नानाय


मनिला, १० डिसेंबर

ती. नानाय,

मुद्दे घालत नाही. हात कपाळी.

तू कालिम्बासला दिलेली पत्रिका मी काल पाहिली. ती माझ्या साहेबांच्या टेबलावर होती. मी प्रयोगशाळेत अजून कुणालाही पत्रिका दिलेली नाही.

साहेबांनी आधी अभिनंदन केलं. नवरामुलगा काय करतो, शाळेत गणित शिकवतो का, छान, वगैरे झालं. मग त्यांनी पत्रिकेतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. म्हणाले, धर्माच्या बापाच्या बांधावर मुलीने अहवाल लिहिला तर चौकशी समिती हसेल. त्यांनी नमुने आणि माझी टिपणं ताब्यात घेतली. सगळं आता सहकारी बेनितेसकडे जाईल. बांध उभा राहिला तेव्हा तो चांगला आहे असा दाखला याच बेनितेसने दिला होता. तो आता स्वतःचा दाखला खोटा ठरवणार नाही. समितीपुढे २३ तारखेला काय जाईल, ते मला आत्ताच ठाऊक आहे.

तू म्हणतेस तो अगत्याने चौकशी करत होता. सही कुणाची असते, हे लग्नाला येणाऱ्या पाहुण्याला कशाला हवं होतं? तीस वर्षं वर्गातल्या लबाड मुलांना तू नजरेने ओळखलंस. हा हॅम घेऊन आला म्हणून ओळखला नाहीस?

मी चिडलेली नाही. चिडले असते तर बरं झालं असतं. घरी आले, जेवायला बसले आणि उठले. आपल्या घरातल्या खुर्चीत तो बसला असेल, ताताय बसायचे तीच. मला तेच दिसत होतं.

एफ्रेनला सगळं सांगितलं. तुझ्यावर रागावू नकोस, एवढंच तो म्हणाला. प्रयत्न करते आहे. माया राहू दे.

नेरिसा


सांता मार्ता, १६ डिसेंबर

चि. नेरिसास,

आशीर्वाद. उशीर झाला. तीन वेळा लिहायला बसले आणि तीन वेळा कागद फाडला.

नाताळआधीच्या पहाटेच्या प्रार्थनांतली आज पहिली होती. बाहेर पडतो तर पायरीपाशी कालिम्बास तांदळाच्या पिशव्या वाटत उभा. नेमका तिथेच, जिथे पासिंगची चूल असायची. पिशवीवर त्याचं नाव आणि नाताळच्या शुभेच्छा. लोक रांगेत. पासिंगचा नवरा आंबो पुढे गेला, पिशवी घेतली, आणि वाकून त्याचा हात कपाळी लावला. कालिम्बासने त्याची पाठ थोपटली, गुराची थोपटावी तशी. माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं. मी मिलाग्रोसच्या मागे लपले. मी, या गावाची मास्तरीण.

वाटेत आंबोला गाठलं. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, बाई, घेतला तांदूळ, परत केला असता तर पासिंग थोडीच परत येणार होती? मग म्हणाला, तुमच्या नेरिसाचा अहवाल कधी येतोय? सगळे म्हणतात तिच्याकडे आहे, मी त्याचीच वाट बघतोय. मी सांगितलं, तो आता दुसऱ्याकडे गेला. का गेला ते माझ्याने सांगवलं नाही. तो पिशवी खांद्यावर टाकून चालू लागला.

बाळा, मला सगळं कळलं. उशिरा कळलं, पण कळलं. तरीही सांगते, आता सोडून दे. अहवाल तुझ्या हातून गेलाय, तू कुणाशी खोटं बोलली नाहीस, तुझी सही कुठे नाही. तीनशे माणसांना आमंत्रणं गेली. दुबईहून तुझी मावशी निघाली. फादरनी तीन रविवार चर्चमध्ये लग्नासाठी तुमची नावं वाचली. तासाभराचा विधी. डोळे मिटून वाकायचं आणि उठायचं. मला या गावातच मरायचं आहे गं. उद्या त्याच्याशी वाकडं झालं तर माझ्या दाराशी कोण उभं राहील?

हॅम अजून कापलेलं नाही. का, ते विचारू नकोस.

तुझ्या मायेची भुकेली,
नानाय


मनिला, १८ डिसेंबर

ती. नानाय,

हात कपाळी लावते, खरोखर.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू आंबो काकांचं लिहिलंस, ते गाळलं नाहीस, याबद्दल तुझे आभार. गाळलं असतंस तर मी आज हे लिहिलं नसतं.

माझी सही कुठे नाही, म्हणून मी सुटले, असं तू म्हणतेस. सही नसणं हेच कालिम्बासला हवं होतं. त्यासाठी त्याला मला काही द्यावंही लागलं नाही, धमकी द्यावी लागली नाही. आपण छापलेलं नाव पुरलं.

काल मी साहेबांकडे गेले. कालिम्बास माझा निनोंग नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या बोलण्याला अर्थ नाही, पत्रिका तुझ्या आईच्या नावाने निघाली आहे. मग मी समितीच्या सचिवबाईंना भेटले. त्या कमी बोलतात. त्यांनी नियम वाचून दाखवला. यजमानाने स्वतः लिहून दिलं, की हे नाव वधूला न विचारता घातलं आणि आता काढलं आहे, तर नातं धरलं जाणार नाही. नमुने माझ्याकडे परत येतील आणि २३ तारखेला समितीपुढे मी बोलेन. यजमान तू आहेस.

पत्र दिलंस तर काय होईल, ते लपवत नाही. मांडव जाईल, डुकरं जातील, बँड जाईल. काही पाहुणे तोंड फिरवतील. कालिम्बास तुझं वाईट करायचा प्रयत्न करील, आणि तेव्हा दाराशी मी आणि एफ्रेन असू. त्याहून जास्त कुणी असेल, असं खोटं आश्वासन देत नाही. लग्न २७ला आपल्याच चर्चमध्ये होईल, भात आणि तळलेल्या माशांवर. निनोंग म्हणून आंबो काकांना विचारावं असं मला वाटतं. ते नाही म्हणाले तर त्यांच्यावर राग धरणार नाही.

पत्र दिलं नाहीस तर २७ला लग्न होणार नाही. निनोंगांच्या त्या रांगेसमोर मी उभी राहणार नाही. एफ्रेनची तयारी आहे. तो म्हणाला, बारोंग पुढल्या वर्षीही एवढाच ढगळ होईल.

तू काहीही ठरवलंस तरी तुझी मुलगी राहीन. तूही मला तशीच धर.

पत्र तुझ्या हस्ताक्षरात, पूर्ण नावाने आणि तारखेसह हवं. सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे दिलंस तर त्याच दिवशी मिळतं. सोमवार, २२ डिसेंबरपर्यंत ते माझ्या हाती पडावं. देणार नसशील, तर तसं त्याच दिवसापर्यंत लिहून कळव.

तुझी,
नेरिसा