नियम आठवा: एका छपराखाली

३ नोव्हेंबर, सोमवार
तिकीट गेलं! अध्यक्षांच्या मेहुण्याला! आपल्या प्रभागात त्याचं घर नाही, दार नाही, साधी ओळख नाही. यंदा तिकीट मला, असं अध्यक्ष तीनदा बोलले होते. एकदा तर माझ्या खांद्यावर हात ठेवून.

आज बैठकीत म्हणाले, "तुम्ही म्हणजे पक्षाचा पाया. पाया कधी वर येतो का?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बावीस वर्षं शाखेचा कार्यालय चिटणीस आहे, हात आपोआप जुळतात.

घरी येऊन हिला सांगितलं. ही शिलाई मशीनवर होती. पाय थांबला नाही.
"टाळ्या वाजवल्यात?"
"वाजवल्या."
"बरं."
हे 'बरं' मला काही आवडलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
हिने अर्ज भरला. अपक्ष!!

मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. मेहुण्याच्या अर्जाची फाईल काखेत मारून निवडणूक कार्यालयात गेलो तर रांगेत माझ्यापुढे ही उभी. "अहो, पेन आहे का?" म्हणाली. दिलं. नंतर लक्षात आलं, पक्षाचं पेन!

बाहेर आल्यावर विचारलं, हे काय? म्हणाली, "आपल्या दारातल्या गटाराला चार वर्षं झाकण नाही. तुम्ही निवेदनं टाईप करताय. आता मी बघते."

६ नोव्हेंबर, गुरुवार
नियम आठवा. गेल्या वर्षी मीच लिहिला. दोन भाऊ होते, एकाच घरातून एक पक्षाकडून उभा राहायचा, दुसरा अपक्ष. कुणीही येवो, खुर्ची घरातच! त्यांना धरायला लिहिला. मला पाठ आहे – 'अधिकृत उमेदवाराविरुद्ध उभ्या असलेल्या अपक्षाशी जो सदस्य एका छपराखाली राहील, त्याची सहा वर्षांसाठी हकालपट्टी.' अध्यक्षांनी तेव्हा पाठ थोपटली होती. पळवाटच ठेवली नाहीत, म्हणाले.

खरंच ठेवलेली नाही. दुपारभर शोधली.

शिस्तपालन समितीचा चिटणीसही मीच. तेव्हा नोटीस मी टाईप केली, जावक नंबर घातला, मला दिली आणि पोच घेतली. खुलासा सात दिवसांत.

८ नोव्हेंबर, शनिवार
दोन दिवस गॅलरीत झोपलो. गॅलरीला छप्पर नाही. खुलाशात तसं लिहिलं, बरोबर नकाशा जोडला.
अध्यक्ष म्हणाले, "जेवता कुठं?"
"आत."
"आंघोळ?"
"आत."
"मग?"

बाडबिस्तरा घेऊन पक्ष कार्यालयात आलो. दोन बाकं जोडली आहेत. एक बाक बोटभर उंच. निघताना हिने उशी दिली आणि विचारलं, "पक्ष जेवायला घालणार आहे का?" यावर नियमात काहीच नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
हिला चिन्ह मिळालं – कात्री. शिंपिणीला कात्री! नशीब म्हणतात ते हे. आमच्या पक्षाची शिडी.

मला कसं कळलं? दुपारी हिच्याकडून डबा आला, झाकणावर कात्रीचं स्टिकर! नियम अकरा : विरोधी प्रचारसाहित्य बाळगणे. नखाने खरवडून काढलं, मगच जेवलो. भाजी झकास होती.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज स्टिकर झाकणाच्या आतल्या बाजूने.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
अध्यक्षांचा फतवा : पक्षातल्या बायकांनी हिच्याकडे शिवायला टाकलेले कपडे तातडीने परत आणावेत. पत्रक मीच काढलं. एकीनेही आणला नाही. अर्धवट शिवलेला कपडा कोण आणणार! खुद्द अध्यक्षीणबाईंचे चार आहेत, पैकी दोन बिनबाह्यांचे पडलेत.

आणि मेहुण्याने तर विजयाच्या मिरवणुकीचा कोट हिच्याकडेच टाकलाय! म्हणतो, तिच्यासारखं बसतं अंगाला दुसरीकडे कुठे? माप घेताना ही त्याला म्हणाली म्हणे, "पोटाला जरा जागा ठेवते. निवडून आलात तर लागेल."

१९ नोव्हेंबर, बुधवार
प्रचारफेरी. पुढे दोघे शिडी घेऊन, मधे मेहुणा, शेजारी घोषणा द्यायला मी. फेरी नेमकी आमच्या गल्लीत. ही खिडकीत. "शिडीलाच मत!" म्हणायचं होतं, पण घशातून निघाली नुसती किरकिर.

ही वरून म्हणाली, "अहो, सर्दी झालीय का? मफलर टाकू?"

सगळी गल्ली हसली. मेहुणा वर बघत दोन पावलं मागे सरकला आणि थेट गटारात! एक पाय मांडीपर्यंत आत. शिडी होती म्हणून बरं, तिला धरून बाहेर आला.

मफलर घेतला मी. नियम मोडला असेल तर असो.

२३ नोव्हेंबर, रविवार
मतदान झालं.

लग्नानंतरच्या पहिल्या निवडणुकीत मीच हिला शिकवलं होतं – नावं वाचत बसू नकोस, शिडी दिसली की दाब. तेव्हापासून दर खेपेला दोघं जोडीने जायचो. आज मी एकटा गेलो. शिडी तिसरी, कात्री नववी. बोट कात्रीपर्यंत नेलं. परत आणलं. पुन्हा नेलं. अधिकारी खाकरले.

शिडी दाबली.

इथे लिहितो, दुसरीकडे कुठेही लिहिणार नाही. एकनिष्ठेची शपथ माझ्याच हस्ताक्षरात आहे. शिवाय वाटलं, हिला पडून पडून तीनशे मतं पडतील, माझ्या एकाने काय होतंय! बाहेर आलो तर ही बायकांच्या रांगेत. लांबूनच हसून हात केला. मला लाज वाटली. अजून वाटतेय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
ही निवडून आली!!! एका मताने!!!

११४३ – ११४२. फेरमोजणी दोनदा झाली. मेहुणा सकाळपासून कोट घालून बसला होता. कोट बसलाय मात्र सुरेख. त्याचं स्वतःचं मत दुसऱ्या प्रभागात, हे निकाल लागेपर्यंत आमच्यात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं!

ही गर्दीतून धावत आली, सगळ्यांदेखत माझा हात धरला. "एक मत! अहो, तुमचं!" डोळ्यांत पाणी. लग्न झाल्यापासून हिने असं माझ्याकडे पाहिलेलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
बैठक. अध्यक्ष ओरडले, "घरचा भेदी!" सगळ्यांच्या माना माझ्याकडे.

"मी शिडीला दिलं" – एवढंच म्हणायचं होतं. बावीस वर्षं वाचली असती. पण इथलं बोललेलं चहा थंड होण्याआधी गल्लीत पोचतं. हिचा कालचा चेहरा आठवला. गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा पक्षाला फसवलं, तेही काही न करता.

हकालपट्टीचं पत्र टाईप कोण करणार, असा प्रश्न आला. दुसऱ्या कुणाला येतच नाही. मीच केलं. जावक नंबर घातला, एक प्रत फाईलला लावली, कार्यालयाची किल्ली टेबलावर ठेवली आणि उशी घेऊन घरी आलो. हिने सगळं माझ्या आवडीचं केलं होतं. मी भात चिवडत बसलो.

२९ नोव्हेंबर, शनिवार
ही येईल त्याला सांगते, "यांच्या मतावर आले." आज दूधवाल्यालाही सांगितलं. आता सहन होत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
सांगून टाकलं. शिडी दाबली म्हटलं.

मशीन थांबलं. मी मान खाली घालून उभा. वर बघतो तर ही तोंडात पदर कोंबून हसतेय, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अहो, कुणाला बोलायचं नाही हं! मी आत गेले, गडबडले... शिडी दिसली, दाबली!"